कात्रीबाईची पंगत

निमे, काल दर्यापूरला मी तुझी कात्री चालवली. मीटिंगमध्ये आवाज चढला. घरी आले, चपला काढायला पायरीवर टेकले आणि तिथेच बसून राहिले. सगळ्यात आधी तुला सांगायचं होतं. सवयीने फोनमध्ये तुझं नाव काढलं, आणि मग आठवलं की तो फोन प्रकाशभाऊजींनी बंद करून कपाटात ठेवलाय. तुझी तेरवी होऊन जेमतेम आठवडा झाला. अशात तुझ्या नवऱ्याला फोन लावून "वसतिगृहातलं काय काय कापलं ते ऐका" म्हणणं बरं दिसलं नसतं. म्हणून लिहून सांगते.

आणि मी शुद्ध लिहितेय म्हणून तोंड वाकडं करू नकोस. "पुन्याची झाली का वं?" हे तुझं ठरलेलं वाक्य मला ऐकू येतंय. बोलते मी अजून तुझ्यासारखीच. पण हात शाळेत जे शिकला तेच लिहितो, त्याला मी काय करू?

अमरावतीत राजापेठेत औषधांच्या दुकानावरची ती खोली आपण ऑफिससाठी घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी आपण भांडलो होतो. पाटीवर नाव कोणाचं आधी? मी आर्किटेक्ट, तू सिव्हिल इंजिनियर. मी म्हटलं, आधी नकाशा, मग हिशोब. तू म्हणालीस, हिशोबाशिवाय नकाशा म्हणजे रांगोळी. शेवटी दोघींचीही नावं न टाकता नुसतं 'बांधकाम सल्लागार' लिहून मोकळ्या झालो. पुढे जन्मभर तेच चाललं. मी रेघ मारायची, तू त्या रेघेवर बोट ठेवून विचारायचीस, "हे नसलं तं काय होते?" इतक्या शांतपणे विचारायचीस की अंगाचा तिळपापड व्हायचा. गॅलरी नसली तं काय होते? कमान नसली तं काय होते? लोक घराचं स्वप्न घेऊन यायचे आणि तू त्यांना कर्जात बसणारं घर हातात द्यायचीस. अमरावती-अकोल्याच्या ठेकेदारांनी तुझं नाव कात्रीबाई ठेवलं, ते तुला कळलं, आणि तुला राग येईल म्हणून सगळे घाबरले होते. तू मात्र दिवसभर खुशीत होतीस.

बाहेरच्यांना वाटायचं, ही बाई कंजूष आहे. तुझी कात्री कुठून आली ते मला माहीत होतं, कारण मी त्या पंगतीत जेवले होते. तू इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मला माहेरी घेऊन गेलीस. तुझ्या आईचा, म्हणजे मावशीचा नवस होता, वावरात विहिरीपाशी रोडग्यांचा बेत. गोवऱ्यांचा जाळ, त्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि शेवटी गुळाच्या पुऱ्या. माणसं बोलावली त्याहून कितीतरी जास्त आली, कारण वऱ्हाडात रोडग्याचं आवतन एकट्या माणसाला नसतंच. कणीक कमी पडणार हे दिसलं. तुझी काकू म्हणाली, एकेकाला अर्धा अर्धा वाढू, कोणाला कळणार नाही. मावशीने पदर खोचला आणि सांगितलं, "पुऱ्या रद्द. थे कनीक रोडग्यात घाला. पदार्थ कमी करा, वाढनं कमी करू नोका." त्या दिवशी गोड कोणालाच मिळालं नाही, आणि उपाशी कोणीच उठलं नाही. रात्री तू मला तुझ्या आत्याच्या घरच्या लग्नाची गोष्ट सांगितलीस. तिथे पाहुणे वाढले म्हणून लाडू फोडून अर्धा अर्धा वाढला होता. सगळे पदार्थ झाले, पण दर्यापूर भागात त्या लग्नाला अजूनही 'अर्ध्या लाडवाचं लग्न' म्हणतात. नवरा-नवरीला नातवंडं झाली तरी म्हणतात.

हाच नियम तू सिमेंट-लोखंडाला लावलास. पैसे कमी पडले की सगळ्या भिंती थोड्या बारीक, सगळ्या सळया थोड्या कमी, फरशी थोडी हलकी, असं करायला तुझा ठाम नकार. "कापाचं तं पुरं काप. एक खोली कमी बांध, पन जे बांधशीन थे पोटभर बांध." घरमालक रडकुंडीला यायचा. तू त्याला पाणी द्यायचीस, आणि तरी त्याचा जिना कापायचीस.

आता अकोल्याचा दवाखाना काढते, कारण तू असतीस तर तूच काढला असतास. मी दारासमोर रुंद ओसरी काढली होती, रुग्णांच्या सोबत आलेल्या माणसांना बसायला. लोखंडाचा भाव चढला आणि तू ती अख्खी ओसरी उडवलीस. "दवाखान्यात पेशंट महत्त्वाचा. सोबतचा बसीन कुठंबी." तो कुठे बसला ते तू पाहिलंस का? मी पाहिलं. मे महिन्यात, अकोल्याच्या उन्हात, बायका लेकरांच्या डोक्यावर ओढण्या धरून भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत उभ्या होत्या, आणि ऊन फिरलं की त्याही फिरत होत्या. मी तुला गाडीत बसवून मुद्दाम दाखवायला नेलं. तू काचेतून पाहिलंस आणि म्हणालीस, "भिंतीले भेग हाय का एक तरी?" नव्हती. आजही नाही. पुढे त्या डॉक्टरने समोर पत्रे टाकले तर तू म्हणालीस, "टाकले ना त्यानं? झालं तं मग." झालं नव्हतं, निमे. पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. काही गोष्टी नंतर जोडता येत नाहीत, त्या आधीच असाव्या लागतात, असं मी म्हणायचे. आणि तू म्हणायचीस, नंतर जोडता येत नाही असं एकच आहे, ते जमिनीखालचं. या भांडणावर आपण बडनेऱ्यापासून अमरावतीपर्यंत कितीदा बोललो असू, आणि कितीदा न बोलता आलो असू.

मग दर्यापूरचं वसतिगृह आलं. आजूबाजूच्या खेड्यांतल्या पोरी बारावीपर्यंत कशाबशा जीपमध्ये कोंबून येतात, आणि कॉलेजची वेळ सांभाळता आली नाही की घरी बसतात. त्यांना राहायला जागा हवी, म्हणून गावच्या मंडळाने हे काम काढलं. अध्यक्ष नाना, कापसाचे जिनिंगवाले, सत्तरी ओलांडलेले, मनाचे दिलदार आणि डोक्याने हट्टी. काम आपल्याकडे आलं तेव्हा तू म्हणालीस, हे मी फी न घेता करीन आणि त्यांना तसं सांगणार नाही, नाहीतर ते आपलं ऐकणार नाहीत. दोन मजले ठरले. वरच्या मजल्यावरची एकेक खोली एकेका घराने आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने दिली. आणि मग या लोकांनी जे केलं ते आपल्याच मुलखात होऊ शकतं. भूमिपूजनाच्या दिवशी, जमिनीत पहिली कुदळ पडायच्या आधी, त्यांनी संगमरवराच्या पाट्या कोरून आणल्या. 'यांच्या स्मरणार्थ ही खोली'. मांडवात ओळीने मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, हार घातले. घराघरातल्या बाया पाट्यांना नमस्कार करून गेल्या. तू माझ्या कानात म्हणालीस, "माय वं, खोल्यायच्या आधी खोल्यायचं बारसं झालं." आपण हसलो. हसायला नको होतं.

कारण पुढे ज्या मोठ्या देणगीच्या भरवशावर दोन मजले काढले होते, ती अर्धीच आली. साधा हिशोब होता. वरचा मजला थांबवायचा, खालचा नीट बांधायचा, छतातून सळया वर काढून ठेवायच्या, पैसे आले की मजला चढवायचा. पण वरच्या मजल्यावर खोल्या नव्हत्या, निमे, तिथे माणसं होती. कोणाचा बाप, कोणाची बायको, आणि नानांची माय. हार घातलेल्या पाटीला 'नंतर बघू' कोण म्हणणार? म्हणून मंडळाने स्वतःच उपाय शोधला. पाट्या जागच्या जागी, आणि बाकी सगळ्यातून थोडं थोडं काढायचं. भिंती बारीक, न्हाण्या-संडास निम्मे, आणि पाया उथळ. नाना म्हणाले, "खालचं कोनाले दिसते?"

दर्यापूरची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरचं घर आपल्याबरोबर हलवते. म्हणून तू खोल पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब धरले होते, तळाशी भोपळ्यासारखे फुगवलेले, माती कितीही हलली तरी घर धरून ठेवणारे. ते काढून साधा उथळ पाया घातला, तर तीन-चार पावसाळ्यांत पोरी झोपल्या असतील त्या भिंती तडकणार, हे तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं. मी म्हटलं, पाया कापला तर मी नकाशावर सही करणार नाही. सही नाही तर काम नाही, आणि काम नाही तर जूनमध्ये पोरींना पुन्हा जीपच.

तेव्हा तुझी औषधं सुरू झाली होती. डोक्यावर रुमाल बांधून तू पाटीवाल्यांकडे निघालीस. मी म्हटलं, मी जाते. तू म्हणालीस, "तू गेली तं नकाशा दाखवशीन. मी जाते, चहा पिते." अंजनगावच्या वकिलांच्या घरी गेलीस. तासभर त्यांच्या वडिलांच्या गोष्टी ऐकल्यास आणि विचारलंस, त्यांना जेवू घालायची हौस होती ना, मग त्यांचं नाव स्वयंपाकघराला का नको? भातकुलीच्या काकूंच्या मिस्टरांचं नाव वाचनाच्या खोलीला गेलं. एकेक माणूस तू वरच्या मजल्यावरून हात धरून खाली आणलास. नाना तेवढे राहिले. "नानाले मी पाहून घेते," म्हणालीस, आणि नानांना न पाहताच गेलीस. मला याचा राग आहे. तुझ्यावर नाही, पण आहे.

शेवटचा फोन तुला आठवतोय का? तुझा आवाज खोल गेला होता. मी विषय काढायचा म्हणून काढला, की वरचा मजला गेला तरी हिशोब थोडा तोकडा पडतोय, माझी ओसरी उडवायची का? पोरींना संध्याकाळी बसायला, आलेल्या आईबापांना भेटायला, मी आतल्या बाजूने लांब ओसरी काढली होती. मला वाटलं तू चेव येऊन "उडव" म्हणशील. भांडायला ताकद येईल तुला, म्हणून तर विचारलं होतं.  तू म्हणालीस, "ओसरी राहू दे कुंदे." मी विचारलं, काहून? तू म्हणालीस, "राहू दे." आणि झोप येतेय म्हणालीस.

त्यावर मी किती डोकं फोडलं सांगू. अकोल्याचं तू मान्य केलंस का? की नुसती दमली होतीस? इतक्या वर्षांत तू माझी एक गोष्ट विनातक्रार सोडलीस, ती त्या दिवशी, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. मी फोन ठेवून रडले.

तुझ्या तेरवीला चारच पदार्थ होते. लोकांनी पानाकडे पाहून एकमेकांकडे पाहिलं. प्रकाशभाऊजी स्वतः वाढत होते, लाडू अख्खा, आणि नको म्हटलं तरी दुसरा. माझ्या पानाशी आले आणि म्हणाले, "तिनंच सांगितलं होतं, चारच कर, पन लाडू फोडू नोका."  समोर नाना बसले होते. त्यांनी दोन लाडू खाल्ले, हात धुतला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "म्याडम, बाईंसाठी आमी गेटावर कमान करू. मोठी. तिच्या नावाची." डोळे भरले होते त्यांचे, खोटं नव्हतं काही. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण परतताना रस्त्याच्या दोन्ही अंगाला तूर उभी होती, आणि गाडी चालवता चालवता माझं ठरलं. तुझं राहिलेलं काम मी करणार होते, आणि ते तुझ्या नियमाने करणार होते.

तर कालचं ऐक. मंडळाच्या ऑफिसात सगळे जमले. चहा, चिवडा. मी थेट सांगितलं, वरचा मजला आत्ता नाही, पाया कापायचा नाही. नाना म्हणाले, "म्याडम, कायी माती काय आज आली का? माह्या बापाचं घर साध्या पायावर उभं हाय अजून."

मी म्हटलं, "नाना, त्या घराच्या मधल्या भिंतीला आभाळ दिसेल एवढी भेग आहे. तुम्ही तिच्यावर कॅलेंडर लावलंय. मी तुमच्याकडे जेवायला आले तेव्हा पाहिलं, वाऱ्याने ते हलत होतं."

लोक खाली बघून हसले. नाना हसले नाहीत. मी सांगितलं की हे जे सगळ्यातून थोडं थोडं काढायचं चाललंय, ते अर्ध्या लाडवाचं वसतिगृह होईल. गोष्ट सगळ्यांना माहीत होती, समजावून सांगावं लागलं नाही. मग नानांनी नकाशा स्वतःकडे ओढला, चष्मा वर केला आणि बोट ठेवलं ते नेमकं ओसरीवर. "माह्या मायची खोली कापून राह्यल्या तुमी. अन् हे तुमची ओसरी तं तशीच हाय."

निमे, त्या क्षणी तू शेजारच्या खुर्चीवर हवी होतीस. माझ्याकडे उत्तर होतं. ओसरी खाली आहे, तिला मजला लागत नाही, निमानेच ठेवायला सांगितली, सगळं खरं होतं. पण समोरचा म्हातारा माझ्याकडे पाहत होता, आणि त्याला मी त्याची माय सोडायला सांगत होते. तुझा शेवटचा शब्द मी वापरला असता तर कोणी काही बोललं नसतं. गेलेल्या माणसाचा शब्द कोण मोडतं? मी टेबलावरची पेन्सिल घेतली आणि ओसरीवर फुली मारली. म्हटलं, "ओसरी पण गेली."

वकील भला माणूस, ते घाईने म्हणाले, "ताई, एवढं नोका करू. ओटा बांधून ठेवू, छत मंग पाहू." मी नाही म्हटलं. नुसता ओटा म्हणजे पोरी उन्हात बसणार, मग कोणीतरी पत्रे टाकणार, आणि मग ती ओसरी कधीच होणार नाही. ठेवायची तर पुरी, नाहीतर नाही. माझ्या तोंडून तुझं वाक्य निघालं. लगेच मी म्हटलं, "आणि निमाच्या नावाची कमानही नको."

नाना दचकले. "तिचं नावच नोको?"

"नाना, ती इथे असती तर तिने सगळ्यात आधी कमानच कापली असती."

यावर मात्र सगळे हसले, नानासुद्धा. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "मंग राह्यलं काय आता?" मी वाचून दाखवलं. पाइल पूर्ण खोल. खालचा मजला, भिंती पूर्ण जाडीच्या. स्वयंपाकघर, वाचनाची खोली. कुंपणाची भिंत. न्हाण्या आणि संडास दोन्ही मजल्यांना पुरतील एवढे, आत्ताच, कारण मजला उद्या चढेल आणि पोरी वाढतील. छतातून वर काढलेल्या सळया, गंजू नयेत म्हणून सिमेंटचा हात देऊन.

"न्हान्या पुऱ्या?" नानांनी विचारलं.

"पुऱ्या. प्रत्येकीला दार, आतून कडी, आणि वर खिडकी."

 कोणीतरी चहा पुढे केला तो नानांनी पाहिलाही नाही. मग ते बोलले, आमच्याकडे न बघता, टेबलाकडे बघून. "माही माय उजेड पडाच्या आत न्हायची. घरात सासरा, दीर, येनारे-जानारे. आंगनात साडीचा आडोसा करून. डोया लागून उशीर झाला तं त्या दिवशी न्हानंच नाही. आमी पोट्टे तिले हसत होतो, माय आज पारोशी म्हनून." मग नकाशावर बोट फिरवत त्यांनी न्हाण्यांची ओळ शोधली. "मायची पाटी इथं लावा."

वकिलांनी अडवलं. "नाना, न्हानीवर मायचं नाव? लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे."

"पन पाटीवर 'ही खोली' कोरलं हाय."

"मंग? न्हायाची खोलीच हाय ना थे बी," नाना म्हणाले आणि चहा उचलला.

मी हे ठरवून केलं नव्हतं, निमे. मला नानांच्या मायचं काही माहीत नव्हतं. तुला माहीत असतं, कारण तू नकाशा न दाखवता चहा प्यायला गेली असतीस. तुझ्या त्या चहांबद्दल मी तुला कधी धन्यवाद दिले नाहीत. उलट पेट्रोलवरून कुरकुर केली. आज देते. तुझ्यामुळे माझी एकही इमारत पडली नाही, तडकली नाही, आणि कोणाचं घर कर्जात बुडालं नाही. हे तुला तोंडावर सांगायला मला काय झालं होतं, कोण जाणे. आपण एकमेकींना चांगलं म्हणायच्या जातीच्या नव्हतोच.

तिथून जागेवर गेले. सलीमभाई मिस्त्रींनी फक्कीने सगळा नकाशा जमिनीवर आखून ठेवला होता, काळ्या मातीवर पांढऱ्या चुन्याच्या रेघा. ओसरीची रेघ सगळ्यात लांब, मीच मागे लागून दोनदा सरळ करून घेतली होती. सलीमभाईंना म्हटलं, ही काढायची. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "निमाबाई असत्या तं तुमी यावर केवढं भांडल्या असत्या." मग फावडं घेऊन निघाले. मी त्यांना थांबवलं आणि चपलेने स्वतः पुसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चुना पायाला लागला. सलीमभाईंनी विचारलं, या जागेत मलबा टाकू का, विटा रचू का? मी म्हटलं, काही नाही. ही जागा मोकळी राहील. झाड नाही, शेड नाही, कोणाची मोटारसायकल नाही. मजला चढेल तेव्हा ओसरी होईल, आणि पुरी होईल. मी असेन तोवर इथे पत्रा पडणार नाही, हे मी त्यांना सांगितलं आणि तुलाही सांगते.

सोमवारी पाइलचं मशीन येतंय. जूनमध्ये पोरी येतील. प्रत्येक भोकाची खोली मी समोर उभी राहून मोजून घेणार आहे, तू घ्यायचीस तशी, ठेकेदाराने कितीही घड्याळ पाहिलं तरी. ऑफिसातलं तुझं टेबल मी हलवलेलं नाही. नवीन इंजिनियर शोधावा लागेल, तोही शोधीन. आणि अकोल्याच्या बाबतीत तू चुकली होतीस, हे माझं मत आहे तिथेच आहे. तू गेलीस म्हणून मी ते मागे घेणार नाही, आणि तू 'राहू दे' म्हणालीस म्हणून मी जिंकले असंही धरणार नाही.

जन्मभर तू माझ्या प्रत्येक रेघेवर बोट ठेवून एकच विचारलंस, हे नसलं तं काय होते? तू नसली तं काय होते, हे मात्र तू कधी विचारलं नाहीस, आणि मलाही सुचलं नाही. आता रोज पाहते आहे. काम होते, निमे. वेळेवर होते. मीटिंग होते, चहा होतो, नाना ऐकतात. काल मी माझी ओसरी कापली, आणि अख्ख्या दर्यापुरात माझ्याशी भांडायला कोणी नव्हतं.